रंधा उड्या मारतो, साग उपटतो: दोष कुठे शोधायचा?

शिरपूरच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. घरच्या घरी दिवाण करायचा म्हणून त्यांनी सागाच्या फळ्या आणल्या आणि ४ नंबरचा नवा लोखंडी रंधा मागवला. रंधा फळीवर कडकड उड्या मारतो, गाठीजवळ लाकूड उपटून खड्डे पाडतो आणि चार हात मारले की रंध्याच्या तोंडात, म्हणजे पातं बाहेर येतं त्या फटीत, छिलके गच्च अडकतात. माळ्यावर आजोबांचा लाकडी रंधाही सापडला आहे. यातला कोणता वापरू, की दोन्ही बाजूला ठेवून इलेक्ट्रिक रंधा घेऊ, असं ते विचारतात.

भाऊ, अजून काही विकत घेऊ नका. तुम्ही सांगितलेली तिन्ही दुखणी एकाच घरची आहेत. डब्यातून निघालेला रंधा हा अर्धाच तयार झालेला माल असतो. उरलेला अर्धा ज्याचा त्याने करायचा असतो, आणि हे डब्यावर कोणी छापत नाही. चोपड्याला मी चाळीस वर्षं हे काम करतोय. आजही नवा रंधा आणला तर पहिला दिवस त्याने लाकूड कापत नाही, त्याचीच डागडुजी करतो.

आबांकडे शिकायला लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं माझ्या हातात रंधा आलाच नाही. मोठ्या रंध्याला पुढे आडवी दांडी असायची, तिला दोरी. मागून आबा ढकलायचे आणि मी समोर बसून दोरी ओढायचो. कंटाळा यायचा, पण दोरीतून सगळं कळायचं. धार चांगली असली की दोरी हलकी, आवाज सर्रर असा एकसारखा. धार गेली की हाताला झटके बसायचे. मी काही बोलायच्या आधीच आबा मागून म्हणायचे, "रंधा रडी राहिना, पहिले धार लाव." तुमचा रंधा सध्या रडतोय.

निवडीचं आधी उरकून टाकतो, कारण त्यात फार काही नाही. लोखंडी रंध्यांचे हे नंबर अमेरिकेतल्या स्टॅन्ले कंपनीचे. मूळ रचना लेनर्ड बेली नावाच्या कारागिराची. त्याचे हक्क कंपनीने १८६९ मध्ये घेतले, आणि आज जगभर, आपल्याकडेही, जे रंधे बनतात त्यातले बहुतेक त्याच रचनेची नक्कल आहेत. ४ नंबर म्हणजे साधारण पावणेदहा इंच लांब, ५ नंबर १४ इंच, ७ नंबर २२ इंच. ४ आणि ५ चं पातं २ इंच रुंद. नंबर म्हणजे इंच नव्हेत, एवढं लक्षात ठेवा. दुकानात या गैरसमजावर लोक हटकून भांडतात.

लांबीचा उपयोग शेतकऱ्याच्या पोराला समजवावा लागत नाही. सरी पाडलेल्या रानात आखूड फळी फिरवली तर ती सरीत उतरते आणि वर चढते, लांब फळी मात्र माथ्यामाथ्यांवरूनच जाते आणि आधी माथे उतरवते. रंध्याचा तळ हेच करतो. म्हणून फळी सरळ करायला लांब रंधा हवा, आणि सरळ झालेल्या फळीवर शेवटची सफाई करायला आखूड. ४ नंबर हा सफाईचा रंधा. तुम्ही त्याच्याकडून करवतीच्या खुणा काढणं, वाकलेली फळी सरळ करणं आणि गुळगुळीत करणं, ही तिन्ही कामं एकाच मापात मागताय. आजोबांचा रंधा हातभर असेल तर तो पहिल्या कामाचा. म्हणजे जोडी घरातच आहे. पुढेमागे एखादा घ्यावासा वाटलाच तर ५ नंबर घ्या, तोही जुना मिळाला तर उत्तम. जुना घेताना गंज बघू नका, गंज निघतो. तोंडाजवळ तडा आहे का आणि पात्यात अजून लांबी शिल्लक आहे का, हे दोनच बघा.

आता धार. इथे मी वेळ घेणार आहे.

धार दोन बाजूंनी बनते आणि बहुतेक लोक एकाच बाजूकडे, उताराकडे, म्हणजे तिरक्या घासलेल्या बाजूकडे, बघतात. पात्याची पाठ, म्हणजे सपाट बाजू, कारखान्यातून येते तेव्हा तिच्यावर मशीनच्या ओरखड्यांच्या रेघा असतात. त्या रेघा धारेपर्यंत पोचल्या की धार करवतीसारखी दातेरी होते, मग उतार कितीही घासा. १० किंवा १२ मिलिमीटर जाडीचा काचेचा तुकडा काचवाल्याच्या भंगारातून आणा. ओट्याचा कडाप्पा वापरू नका, तो डोळ्याला सपाट दिसतो पण तसा असतोच असं नाही. काचेवर पाण्याचा कागद, म्हणजे ओला करून वापरायचा पॉलिश पेपर, चिकटवा, २२० नंबरपासून सुरू करून ४००, ८००, १५०० पर्यंत जा. पूर्ण पाठ चमकवायची गरज नाही. धारेलगतची एक सेंटिमीटरची पट्टी आरशासारखी झाली की बास. हे काम पात्याच्या आयुष्यात एकदाच करायचं.

मग उतार. ग्राइंडरवर २५ अंश आणि दगडावर शेवटचा हात ३० अंशांवर. कोन मोजायचं साधन नसेल तर पात्याची जाडी धरा. उताराची लांबी जाडीच्या दुप्पट असेल तर कोन ३० अंश, अडीचपटीहून जरा कमी असेल तर २५. रंध्यात पातं ४५ अंशांवर बसतं, उतार खाली. त्यामुळे ३० अंशांची धार लावली की धारेमागे १५ अंशांची मोकळीक राहते. काहीजण धार टिकावी म्हणून ४० अंशांपर्यंत जातात. मग मोकळीक उरते पाच अंश, पात्याची टाच लाकडावर घासते आणि रंधा चालतच नाही. लोक म्हणतात लाकूड कडक आहे.

ग्राइंडरवर घाई करू नका. साधं कार्बन पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निळं पडतं, आणि निळं पडलं की त्या जागेचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं समजा. शिकाऊ असताना मी आबांचं पातं असंच निळं केलं होतं. तेवढा भाग झिजून संपेपर्यंत, म्हणजे तीनेक महिने, ते पातं मलाच वापरायला दिलं गेलं. दर दहा मिनिटांनी धार. पाण्याचं भांडं शेजारी ठेवा आणि पातं बोटाला गरम लागलं की बुडवा.

दगड हार्डवेअरच्या दुकानातला दोन बाजूंचा कार्बोरंडमचा चालतो. पूर्वी आम्ही रॉकेल वापरायचो. आता शिलाई मशीनच्या तेलात थोडं टर्पेंटाइन घालतो. दगड मधोमध झिजून खोलगट होतो आणि मग धारही वाकडी येते. त्याला महिन्यातून एकदा शहाबादी फरशीवर वाळू-पाणी टाकून घासा. उतार घासताना पाठीच्या बाजूला पातळ कोर वळून येते, बोटाला ती लागते. ती पूर्ण रुंदीत आली पाहिजे. अर्ध्याच भागात आली तर उरलेल्या भागात धार अजून झालेलीच नाही. मग पात्याची पाठ दगडावर अगदी सपाट ठेवून कोर काढा. शेवटी जुन्या पट्ट्याचं चामडं लाकडाला चिकटवून त्यावर स्टील चमकवायची हिरवी पेस्ट लावा आणि आठ-दहा वेळा पातं मागे ओढा, पुढे नाही.

हातावरचे केस कापून दाखवणं हा तमाशा आहे, बरीच वाईट धारही केस कापते. खोक्याच्या मऊ पाइनच्या तुकड्याचं टोक, म्हणजे आडवी कापलेली बाजू, पात्याने छिला. ती चकचकीत निघाली तर धार आहे. पांढरी, चुरगळलेली निघाली तर पुन्हा दगडाकडे. आणि सागाबद्दल एक गोष्ट: सागात सिलिका असते, तीच जी वाळूत असते. म्हणून तो मऊ वाटतो पण धार खातो. सागावर शेवटचा हात मारताना मी अर्ध्या तासात एकदा तरी दगडाकडे जातो. यात कमीपणा नाही.

पात्याचे दोन्ही कोपरे मात्र सरळ ठेवू नका. खरवडायच्या, म्हणजे करवतीच्या खुणा काढायच्या, रंध्याचं पातं चांगलं गोलसर घासा, कोपरे मधल्या भागापेक्षा एक-दीड मिलिमीटर मागे. सफाईच्या रंध्याला कोपऱ्यांवर दगडाचे फक्त चार-पाच हात जास्त द्या, डोळ्याला दिसणारही नाही इतके. हे केलं नाही तर फळीवर पात्याच्या रुंदीच्या रेघा उठतात आणि पॉलिश केल्यावर सगळ्या नावानिशी दिसतात.

आता तुमच्या उपटण्याचं मूळ. पात्यावर स्क्रूने बसवलेलं दुसरं, बिनधारेचं पातं असतं, आमच्याकडे त्याला टोपी म्हणतात. नव्वद टक्के लोकांना वाटतं ती पातं धरून ठेवायला आहे. काही जण ती धारेपासून तीन-चार मिलिमीटर मागे लावतात, आणि तुमचीही तशीच असणार, पैज लावतो.

लाकूड उपटतं कसं ते बघा. उलट्या शिरेत, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या उलट दिशेने, पातं शिरलं की छिलका वर उचलला जातो आणि पाचर घातल्यासारखी फट पात्याच्या पुढे पळते. शीर खाली जात असेल तर फटही खाली जाते आणि मग छिलका मुळापासून तुटतो. तो तुमचा खड्डा. टोपी धारेच्या अगदी जवळ असली तर छिलका वर येताच टोपीवर आपटतो आणि लगेच पुढे वाकतो. वाकला की त्याच्यातली तरफ संपते, फट पुढे पळायला जोर उरत नाही. जपानच्या यामागाता विद्यापीठात कावाई आणि काटो या प्राध्यापकांनी पातं यंत्रावर बसवून कापतानाचं अगदी जवळून चित्रीकरण केलं होतं. त्यात हा सगळा प्रकार स्पष्ट दिसतो. फरक मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्यांचा आहे.

माप असं धरा. खरवडायला टोपी धारेपासून एक-दीड मिलिमीटर मागे. सफाईला अर्ध्या मिलिमीटरहून कमी. आणि गाठीजवळ, उलटसुलट शिरेत, ०.२ ते ०.३ मिलिमीटर, म्हणजे धारेपुढे चमकती केसभर रेघ तेवढी दिसली पाहिजे. स्क्रू हलका कसा, टोपी बोटाने पुढे सरकवा, उजेडाकडे धरून रेघ बघा, मग घट्ट कसा. कसताना टोपी थोडी पुढे सरकतेच, तेवढा हिशोब आधीच धरावा लागतो. दहा वेळा चुकेल. बरोबर बसल्याची खूण अशी की छिलका गोल गुंडाळी न होता सरळ, उभा वर येतो. छिलका घड्या पडून चुरगळला आणि ढकलायला जड गेलं तर टोपी जास्तच पुढे गेली.

तोंडात छिलके अडकतात त्याचं कारणही बहुधा इथेच. टोपीची कड पात्याला पूर्ण चिकटत नाही, मधे फट राहते आणि पातळ छिलका त्या फटीत घुसतो. एक घुसला की पुढचे सगळे त्यावर रचले जातात. टोपी आणि पातं जोडून उजेडासमोर धरा. कुठेही उजेड दिसला तर टोपीची खालची कड काचेवरच्या कागदावर घासा. घासताना टोपीचं दुसरं टोक काचेच्या पातळीच्या थोडं खाली धरा, म्हणजे फक्त पुढची कडच पात्याला टेकेल. मग टोपीच्या पुढच्या तोंडाला ५० अंशांचा बारीक उतार द्या आणि तोही चामड्यावर चमकवा. स्वस्त रंध्यांच्या टोप्या नुसत्या दाबून वाकवलेल्या असतात, त्यांना हे केल्याशिवाय गत्यंतर नाही.

उड्या मारण्याची कारणं तपासायला पाच मिनिटं लागतात. टोपीचा स्क्रू ढिला आहे का? पातं ज्या तिरक्या बैठकीवर बसतं तिचे दोन स्क्रू ढिले आहेत का? बैठकीवर रंगाचा थर किंवा लोखंडाचा कीस आहे का? असेल तर पातं नीट टेकत नाही, डुगडुगतं, कानशीने साफ करा. पात्यावरचा दाबपट्टा इतका घट्ट हवा की पातं हलू नये, पण पातं पुढेमागे करणारं पितळी चाक बोटाने फिरावं. आणि सगळ्यात साधं कारण: पातं फार बाहेर आलंय. नवशिक्याला वाटतं जाड छिलका निघाला म्हणजे काम झालं. पातं पूर्ण आत घ्या, रंधा फळीवर चालवत चाक थोडं थोडं फिरवा, पहिला छिलका निघाला की थांबा. चाक पुढे फिरवूनच थांबायचं. मागे फिरवून थांबलात तर चाकातली ढिलाई तशीच राहते आणि पातं काम करता करता आत सरकतं.

तळाचं थोडक्यात. लोखंडी तळ मधे पोकळ असू शकतो. पातं बसवून, दाबपट्टा लावून, पण पातं आत ओढून तळ काचेवर ८० च्या कागदावर घासा. आधी मार्करने तळावर रेघा मारा. पुढचं टोक, तोंडाच्या अगदी पुढची पट्टी आणि मागचं टोक, या तीन जागांच्या रेघा पुसल्या की थांबा. मधल्या भागात रेघा राहिल्या तरी चालतं. पूर्ण तळाचा आरसा करायच्या नादात मी दोन सुट्ट्या घालवल्या आहेत, फायदा शून्य. कामाला बसताना तळावर मेणबत्तीच्या दोन नागमोडी रेघा ओढा, रंधा निम्मा हलका होतो. जुने लोक तेलाचा बोळा ठेवतात, पण जास्त तेल लाकडात उतरलं की पॉलिश धरत नाही.

आजोबांच्या रंध्याचं वेगळं आहे. त्याला चाक नाही, हातोडी हेच त्याचं चाक. पातं पुढे घ्यायचं तर पात्याच्या डोक्यावर टिचकीइतका ठोका, मागे घ्यायचं तर रंध्याच्या मागच्या तोंडावर ठोका, आणि प्रत्येक वेळी पातं धरून ठेवणारी लाकडी पाचर परत हलकीशी बसवा. लाकडी मोगरी किंवा हलकी हातोडी घ्या, घण नको. पाचर दोन्ही बाजूंनी सारखी चिकटते का ते बघा. एकाच बाजूला चिकटत असेल तर पातं त्या बाजूला तिरकं होत जातं. पाचरीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिल चोळा, बसवून काढा, जिथे शिसं पुसलं तिथे पटाशीने केसभर काढा.

माळ्यावर पडलेल्या रंध्याचा तळ हमखास वाकलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंशांची कोरडी हवा आणि जुलैत दमट. लाकडाचा रंधा या दोन्हींत श्वास घेतो. उन्हाळ्यात पाचर ढिली, पावसाळ्यात इतकी घट्ट की काढताना रंध्याचा गाल, म्हणजे बाजूची भिंत, फाटतो. म्हणून काम संपलं की पाचर ढिली करून ठेवायची. तळ सरळ करताना पाचर कामाला बसते तितकीच घट्ट ठोका, पातं आत ओढा आणि मग काचेवर घासा, कारण पाचरीच्या ताणाने तळ थोडा फुगतो. झिजून तोंड मोठं झालं असेल तर तोंडाच्या पुढे शिसवाचा तुकडा खाच करून बसवता येतो. पण तुम्ही हा खरवडायला वापरणार असाल तर मोठं तोंड सोयीचंच आहे, हात लावू नका. दोन-तीन दिवस रोज अळशीच्या तेलाचा हात द्या.

त्याचं पातं बहुधा गावच्या लोहाराचं असेल, जुन्या कानशीचं किंवा ट्रकच्या कमानपट्ट्याचं. कानशीत कार्बन जास्त, तिची धार टिकते पण ठिसूळ असते, टवका उडतो. कमानपट्टा चिवट, धार लवकर जाते पण टवका उडत नाही. खरवडायला दुसरा बरा.

लाकडाची शीर ओळखायला ज्वारीचं पान आठवा. बुंध्याकडून शेंड्याकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर कापतं. फळीच्या कडेकडे बघा, रेघा ज्या दिशेला वर चढत जातात त्या दिशेला रंधा चालवा. सातपुड्याच्या कोरड्या उतारावर वाढलेल्या सागाला गाठी जास्त असतात आणि गाठीभोवती शीर दोन्हीकडून उलटते, तिथे दिशा बदलून उपयोग नाही, टोपी पुढे घेऊन पातळ छिलका काढणं हाच उपाय. परदेशातल्या लागवडीचा साग सरळ शिरेचा पण भुसभुशीत, त्यावर बोथट पातं तंतू दाबतं आणि फळी लोकरीसारखी होते. शिसव आणि कडुनिंब यांच्या शिरा एकमेकींत गुंतलेल्या. आणि अंजन आलं तर देवाचं नाव घ्या. वाळलेलं अंजनसुद्धा पाण्यात बुडतं, एवढं ते जड. तिथे धार दर पाच मिनिटांनी, आणि शेवटचा हात काचेच्या किंवा पोलादी पट्टीच्या खरवडणीने.

तुमच्या फळ्या पाडलेल्या धाब्याच्या घरातल्या असतील तर आधी तारेच्या ब्रशने घासा. धाब्याची माती वर्षानुवर्षं भेगांत मुरलेली असते आणि ती पात्याची सहाणच करून टाकते. जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून फळीवर फिरवा. मोडलेला खिळा आत असला तर चुंबक तिथे रेंगाळतं. मी हे एकदा आळसाने टाळलं आणि वाड्याच्या तुळईतल्या खिळ्याने पात्याला अर्धचंद्र पाडला. अख्खी दुपार ग्राइंडरवर गेली.

हात कसा चालवायचा ते लिहून फार कळत नाही, पण एक गोष्ट नक्की सांगता येते. सुरुवातीला वजन पुढच्या मुठीवर, मधे दोन्हींवर सारखं, फळी संपताना मागच्या हातावर. हे जमेपर्यंत प्रत्येक नवशिक्याची फळी दोन्ही टोकांना उतरते आणि मधे उंच राहते. यावर तोडगा आहे. पुढच्या टोकाच्या दोन बोटं आत रंधा टेकवा आणि मागच्या टोकाच्या दोन बोटं आधी उचला. असं मधल्यामधे मारत राहा. एक वेळ अशी येते की रंधा कापायचाच थांबतो, कारण मध्य आता पोकळ झालाय. मग टोकापासून टोकापर्यंत दोन-तीन पूर्ण हात मारा, छिलका अखंड निघाला की कड सरळ. मी अजूनही असंच करतो.

रुंद फळी पिळलेली आहे का हे बघायला दोन सारख्या सरळ पट्ट्या दोन टोकांना आडव्या ठेवा आणि एकीच्या माथ्यावरून दुसरीकडे बघा. ज्या दोन कोपऱ्यांवर फळी उंच आहे तिथे आजोबांचा रंधा तिरका, शिरेला आडवा मारा. आडवा मारताना पलीकडची कड फुटते, तिला आधी थोडी उतरवून घ्या. फळीला फळी जोडायची तर दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या मिटून शिकंज्यात एकत्र धरा आणि दोन्ही कडा एकदम रंधा. रंधा थोडा तिरका धरला गेला तरी एकीतली चूक दुसरीत जाऊन मिटते. रंध्याच्या कामातली ही एकमेव फुकटची गोष्ट.

इलेक्ट्रिक रंध्याचा मला राग नाही, माझ्याकडे ८२ मिलिमीटर रुंद पात्याचा आहे. दहा दारांचं काम असेल तर तोच काढतो, लाइट असली तर. पण त्याची फिरती पाती फळीवर बारीक लाटा सोडतात, गाठीला उपटतातच, आणि धूळ इतकी की घरच्यांनी बाहेर काढलं तर नवल नाही. त्याच्यामागे सफाईचा रंधा लागतोच. एका दिवाणासाठी घेऊ नका.

फळ्या मात्र लगेच मापात आणू नका. घरात जिथे दिवाण राहणार तिथे खाली पट्ट्या देऊन, मधे हवा खेळेल अशा रचून दोन-तीन आठवडे ठेवा. हवामान बदललं की फूटभर रुंद सागाची फळी दोन-तीन मिलिमीटर कमीजास्त होते. मी शिकल्यावर एकट्याने केलेलं पहिलं दार मे महिन्यात चपखल बसवलं होतं आणि कौतुक करून घेतलं होतं. ऑगस्टमध्ये मालकांनी निरोप पाठवला, दार बंद होत नाही. तिथल्या तिथे रंधा मारून दिलं. पुढच्या मेमध्ये त्याच फटीतून मांजर आत येऊ लागलं.

तेव्हा या रविवारी फळीला हात न लावता पाठ, धार आणि टोपी एवढंच करा. पुढच्या रविवारी रंधा हातात घ्या, आणि सुरुवात दर्शनी बाजूंच्या पट्ट्यांपासून न करता वरच्या फळ्यांपासून करा. त्या गादीखाली जाणार आहेत.